आधी उतरायची जागा

शाळेतल्या शोकसभेत नव्या मुख्याध्यापकांनी घरतसरांना 'हसतमुख व्यक्तिमत्त्व' म्हटलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हसतमुख! घरतसर! अहो, वर्कशॉपच्या दारात ज्यांच्या चपला वाजल्या की चाळीस पोरं हातातल्या कानशी आपोआप नीट धरायची, ज्यांना मी पंचवीस वर्षांत मोजून तीन वेळा हसताना पाहिलं, तेही ओठ न उघडता, ते हसतमुख? कुणीतरी लिहून दिलेला कागद वाचत होते बिचारे. पुढे म्हणाले, "सर विमानांचा छंदही जोपासत असत." छंद डोंबलाचा. पोस्टाची तिकिटं जमवतात त्याला छंद म्हणतात. मी उठून बोलणारच होते, पण पहिल्या रांगेत वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी बसल्या होत्या. म्हणून तोंड आवरलं, आणि आता घरी येऊन हे लिहिते आहे.

मी त्या शाळेच्या ऑफिसात क्लार्क होते. सर टेक्निकल विभागात सुतारकाम आणि फिटिंग शिकवायचे. बुटके, रुंद, कानावर पेन्सिल, शर्टाच्या खिशात सहा इंची स्टीलची पट्टी. बोलता बोलता ती पट्टी बाहेर यायची आणि समोरच्याच्या टेबलावर आपटायची. सर खाडीकडच्या एका गावातले आगरी. वडील अर्धं वर्ष मिठागरावर राबायचे आणि अर्धं वर्ष भातशेतीत. सरांकडे दोन मराठ्या होत्या. ओरडायची मराठी शाळेतली, अगदी शुद्ध: "आपण डोकं घरी ठेवून आला आहात काय?" दुसरी घरची. ओरडणं थांबून 'आमी', 'तुमी', 'हाय', 'नाय' यायला लागलं, की समजायचं, आता हा माणूस मनातलं बोलतोय. ती ऐकायला मिळणं अवघड होतं.

एकदा माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, तीन वर्षं मी तुमच्या साडीच्या निऱ्या पाहतो आहे." मी ताडकन उठले. म्हटलं, "घरतसर, जिभेला काही हाड?" माणूस जागचा हलला नाही. म्हणाले, "सुती साडी आहे. एक चुणी नाही. इस्त्री कोण करतं?" म्हटलं, "मीच करते. का?" म्हणाले, "मग शनिवारी शाळा सुटल्यावर वर्कशॉपला या. काम आहे." आणि गेले. मी दिवसभर धुमसत होते, आणि शनिवारी गेले.

तिथे लांबलचक टेबलावर एका विमानाचा सांगाडा पडला होता. रिमोटवर उडणारं विमान. दुकानातलं प्लॅस्टिकचं खेळणं नव्हे. खोक्यात एक नकाशा येतो, बाल्सा नावाच्या अगदी हलक्या लाकडाच्या पट्ट्या आणि कापलेल्या बरगड्या येतात. त्याला किट म्हणतात. ते महिनोन्‌महिने जोडायचं, आणि सगळ्यात शेवटी त्या बरगड्यांवर पातळ रंगीत फिल्म इस्त्रीनं चिकटवायची. उष्णता जास्त झाली तर फिल्मला भोक पडतं, कमी झाली तर फुगे येतात. सरांनी तीन पंख वाया घालवले होते आणि त्याबद्दल इस्त्रीला शिव्या देत होते. मी पहिला पंख केला. एक फुगा नाही. सरांनी पंख उजेडात धरला, उलटा केला, परत सुलटा केला. म्हणाले, "हां." सरांच्या तोंडून 'हां' म्हणजे दुसऱ्या कुणाचा हार-तुरा समजा. तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक विमानाची इस्त्री माझ्याकडे आली.

पुढे आमचा चौघांचा कंपू झाला. सर, मी, नव्या पनवेलचे दातांचे डॉक्टर नेने, आणि विजेच्या मोटारींचं वाइंडिंग करणारे इम्रानभाई. रविवारी सकाळी सरांच्या गावाबाहेरच्या मोकळ्या माळावर उडवायचं. ठोकळ्यासारखी साधी, शिकायची विमानं. सर त्यांना विमान म्हणायचेच नाहीत, 'ठोकळे' म्हणायचे.

सरांचं नाव ऐकून लोक यायचे. खारघरहून, सुकापूरहून, मोबाइलमध्ये फोटो घेऊन. "सर, कुठलं किट घेऊ?" सर फोटोकडे बघायचे नाहीत. एकच प्रश्न: "उतरवणार कुठे?" समोरचा म्हणायचा, "अं... उडवायला जागा आहे सर, समोर गार्डन आहे." झालं! पट्टी बाहेर. "उडवायला जागा लागत नाही! वर आभाळ आहे, ते फुकट आहे! उतरवणार कुठे?" एकदा एक साहेब जेटचं किट घ्यायचं म्हणून आले, चकचकीत बूट घालून. सरांनी त्यांना माळावर नेलं आणि बूट काढायला लावले. मोजे पण. म्हणाले, "आता या बांधापासून त्या बांधापर्यंत चाला, पावलं मोजा." काटे, ढेकळं, शेणाचे पो. साहेब ओय ओय करत गेले आणि आले. सर म्हणाले, "तुमचे पाय काय म्हणतात?" साहेब म्हणाले, "दुखतंय सर." "मग त्या विमानाची चाकं तुमच्या अंगठ्याएवढी आहेत. त्यांचं काय होईल? आधी उतरायची जागा, मग विमान. जा." ते साहेब परत आले नाहीत, आणि सरांना त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही.

अनवाणी चालण्याची ही तऱ्हा त्यांच्या वडिलांची. भाताच्या शेतात चप्पल घालून पाय ठेवायचा नाही, हा त्यांच्या घरचा नियम. जमीन किती ओली, किती टणक, मीठ किती वर आलंय, सगळं म्हातारा तळव्यानं सांगायचा म्हणे. आणि दुसरा नियम, शेतात खेळ नाही. म्हणून सरांनी स्वतःच्या शेतात कधी ठोकळासुद्धा उतरवला नव्हता.

आता खरी गोष्ट सांगते. 

विमानतळ येणार हे वर्षानुवर्षं ऐकत होतो, तो खरंच आला. सरांचं गाव आणि शेत, दोन्ही त्यात गेलं. गावाच्या सभेत हात वर करून ठरलं. सरांचा हात खाली होता, पण ठरलं ते ठरलं. शेवटचं भात कापा आणि निघा. सभेहून सर थेट माळावर आले. रविवार होता. ओरडतील म्हणून आम्ही तिघं मुठीत जीव धरून उभे. ओरडले नाहीत. म्हणाले, "बाबा गेला, आता शेतपन चाललं. भात कापून झालं की आमी आमच्या शेतात एक विमान उतरवनार. ठोकळा नाय. खऱ्या विमानासारखं, मापात लहान केलेलं. तितं पयलं विमान आमचं उतरंल. मग उतरू देत त्यांची, किती उतरवायची ती."

म्हटलं, "सर, ठोकळा तयार आहे ना. तोच उतरवू, उगीच घाई कशाला?" माझ्याकडे असं बघितलं! "बाई, जमिनीच्या घरी पयला पावना जानार. त्याला फाटक्या कपड्यात पाठवू?"

श्रावणात आम्ही किट निवडायला सरांच्या पडवीत बसलो. बाहेर पाऊस, आत वहिनींची बटाट्याची भजी. सरांनी एकच चित्र पुढे टाकलं. पिवळं, दोन माणसांचं, जुन्या पद्धतीचं विमान, वर आडवा सरळ पंख, खाली दोन जाडजूड चाकं. म्हणाले, "हे. दिवाळीपर्यंत होतं. शेत मी चालून आलो. बांध ते बांध एकशे चौदा पावलं. याला चाळीस पुरतात, आणि ढेकळांना हे भीत नाही."

आणि मग डॉक्टरांनी खिशातून दुसरं चित्र काढलं. जुन्या महायुद्धातलं लढाऊ विमान. पंख कसे, तर शंकराच्या बेलाच्या पानासारखे गोलाई घेतलेले. उडाल्यावर चाकं पोटात जाणारी. डॉक्टर म्हणाले, "सर, इतिहासातलं पहिलं विमान म्हणता, मग ते दिसायला तसं नको? ते पिवळं म्हणजे अगदीच रिक्षा."

इम्रानभाई म्हणाले, "सर, माफ करा, पण चीज बघा काय आहे! चाकांची मशिनरी मी करतो, जबान देतो."

सर म्हणाले, "याला शंभर पावलं लागतात."

"एकशे चौदा आहेत ना!" डॉक्टर म्हणाले.

"वेळ?"

"भरावाच्या गाड्या होळीनंतर येणार, सगळं गाव म्हणतंय."

सरांनी पट्टी काढली नाही. एकेकाकडे बघितलं. मग म्हणाले, "हात वर करा." डॉक्टरांचा गेला. इम्रानभाईंचा गेला. आणि माझा गेला. का? खोटं कशाला बोलू? त्या गोल पंखांवर हिरवी-तपकिरी फिल्म बसवायची आणि एकही चुणी येऊ द्यायची नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. वर्षानुवर्षं 'आधी उतरायची जागा' ऐकलेली बाई मी! लोकांचे बूट काढताना बाजूला उभी राहून हसणारी! आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा चित्राला भुलले, पोरासोरांसारखी.

सर म्हणाले, "बहुमत." आणि पिवळं चित्र घडी करून खिशात ठेवलं. त्यांचाही मला राग आहे, तोही सांगून टाकते. ज्या माणसानं आयुष्यभर सगळ्यांना फाडून खाल्लं, त्यानं नेमकं तेव्हाच गप्प का बसावं? शेत तुमचं, बाप तुमचा, विमान तुमचं. आमच्या हातांना विचारायचं होतं कशाला? पण त्यांचं तसं होतं. हात मोजले की संपलं. गावात संपलं, पडवीतही संपलं.

दिवाळी आली, बरगड्या जेमतेम जोडून झाल्या होत्या. त्या गोलाईची प्रत्येक बरगडी वेगळ्या मापाची. डॉक्टर दात घासायच्या बारीक मशीननं एकेक घासत बसायचे. तुळशीच्या लग्नाला शेतात भात कापून झालं होतं, जमीन ताटासारखी सुकली होती, आणि आमच्याकडे चाकं आत जात होती ती बाहेर येत नव्हती. इम्रानभाईंनी चार वेळा मशिनरी उघडली. सर मदत करायचे, रोज करायचे, शाळेच्या मराठीत आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे, आणि घरी जाताना शेतावरून जायचे. मी फिल्म चढवली. अप्रतिम चढवली, कुणी काही म्हणो. एकही चुणी नव्हती, आणि त्या पंखांकडे आज बघवत नाही मला.

गाड्या होळीनंतर येणार होत्या, त्या संक्रांतीलाच आल्या. आमचं विमान त्याच आठवड्यात तयार झालं. डॉक्टरांच्या गाडीत मागची सीट आडवी करून, चादरीत गुंडाळून आम्ही ते नेलं. शेतापाशी पोचलो तर एका बाजूनं मुरुमाचा लाल ढीग शेतात घुसलेला, पुरुषभर उंच. दोन डंपर उभे. ड्रायव्हर डबा खात होते.

सरांनी चपला काढल्या. बांधावरून निघाले आणि ढिगापर्यंत गेले, सावकाश, नेहमीसारखे टाच टेकवून. मीही मनात मोजत होते. बावन्न पावलं.

बावन्न! ज्याला चाळीस पुरतात ते पिवळं विमान त्या दिवशीही उतरलं असतं. मुरुमाचा ढीग तसाच, डंपर तसेच, आणि तरीही बारा पावलं राखून उतरलं असतं. ते मला कळलं, डॉक्टरांना कळलं, इम्रानभाईंनी तर खालीच मान घातली. आता ओरडा, असं मी मनात म्हणत होते. घाला शिव्या, ती पट्टी आपटा माझ्या डोक्यात. माणूस ओरडलाच नाही. परत आले, तळव्याला लागलेली माती झटकली नाही, तशाच पायांत चपला घातल्या. म्हणाले, "नाय उतरनार."

डॉक्टर चाचरत म्हणाले, "सर, निदान उडवू तरी. रस्त्यावर उतरवता येईल."

"उडवायला काय, कोनीपन उडवील."

ते गोल पंखांचं विमान आम्ही कधीच उडवलं नाही. डॉक्टरांच्या दवाखान्यात टांगलेलं आहे. दाढ काढायला आलेले लोक आ वासून त्याच्याकडे बघत बसतात.

गाव उठलं. सरांना मिळालेल्या प्लॉटवर तीन मजली घर उभं राहिलं. खाली भाडेकरू, वर सर आणि वहिनी. मी एकदा गेले तर गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत सर पिवळं किट जोडत बसले होते. एकटेच. कुणाला विचारलं नव्हतं, हात वर करायला लावले नव्हते. मला बघून म्हणाले, "इस्त्री आणली आहे का?" म्हटलं, "पिशवीत इस्त्री घेऊन कोण फिरतं?" म्हणाले, "मग जाऊन आणा." मी सुकापूरला माझ्या घरी परत गेले आणि घेऊन आले. त्या पिवळ्या पंखांची फिल्म मी चढवली, आणि चुणी एक येऊ दिली नाही.

ते विमान तयार झालं तोवर विमानतळही तयार होत आला होता, आणि आजूबाजूला असलं काही उडवायला सक्त मनाई झाली. इम्रानभाई म्हणाले, "सर, लांब कुठेतरी, दोन मिनिटं. कोण बघतंय?" त्यावर मात्र सर असे कडाडले की खालचे भाडेकरू जिन्यात आले. "कोण बघतंय? वर माणसं बसलेली असतात! पोटात गोळा घेऊन, लेकरं मांडीवर घेऊन! आपल्या हौसेपायी त्यांच्या वाटेत खिळा टाकू?" इम्रानभाईंनी कान पकडले. डॉक्टर म्हणाले, "मग घाटावर नेऊ, तिथे मोकळं माळरान आहे." सर म्हणाले, "तिथं माझं काय आहे?" आणि तो विषय संपला.

सरांना मी शेवटचं पाहिलं ते त्या गच्चीवर. संध्याकाळचे पाच वाजले असतील. विमानं सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. छातीत दुखायला लागल्यापासून सरांचा आवाज बसला होता. खुर्चीत होते, पाय अनवाणी, मांडीवर ते पिवळं विमान. नाक वाऱ्याकडे धरलेलं, आणि वाऱ्यानं त्याचा पंखा आपोआप गरगरत होता.

मी बसले. किती दिवस मनात होतं ते बोलून टाकलं. "सर, त्या दिवशी मी हात वर करायला नको होता."

सर विमानाकडेच बघत म्हणाले, "डावा व्हता."

"काय?"

"हात. डावा वर केलात तुमी. उजव्या हातात भजी व्हती."

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. इतकी वर्षं हे त्यांनी जपून ठेवलं होतं. त्यांच्या बापाच्या शेताचा निकाल मी भजी खाली न ठेवता लावला होता. मी रडायला लागले तर खेकसले, "रडता काय? भजी गार झाली असती." आणि हसले. तिसऱ्यांदा. ओठ न उघडता.

तेवढ्यात खाडीच्या बाजूनं एक विमान खाली येत गेलं. मोठं, पांढरं, चाकं सोडलेलं. समोरच्या टॉवरांमागे दिसेनासं झालं. सर पुटपुटत मोजायला लागले. एक, दोन, तीन... अकराव्या आकड्याला त्यांनी उजव्या पायाची टाच गच्चीवर आपटली.

"टेकलं," म्हणाले. "आमच्या बांधावर."

मी डोळे पुसत विचारलं, "सर, कसं उतरवलं? चांगलं?"

सरांनी तोंड वाकडं केलं. पिवळ्या विमानाचा गरगरणारा पंखा बोटानं थांबवला.

"त्यात काय हाय? एवडी जागा दिली तर कोनीपन उतरवील."